तेवीस टक्के: गव्हर्नर मुतेबिले आणि युगांडाची 2011 ची महागाई

नोव्हेंबर 2011 च्या पहिल्या आठवड्यात युगांडाच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे बँक ऑफ युगांडाने, आपला धोरणदर (आपल्याकडच्या रेपो दरासारखा मूळ व्याजदर) 20 वरून 23 टक्क्यांवर नेला. जुलैत हाच दर 13 होता, म्हणजे चार महिन्यांत दहा टक्के वाढ. आपल्याला हे केवढे वाटावे? त्याच काळात रिझर्व्ह बँकेने मार्च 2010 पासून तेरा वेळा वाढ करून रेपो दर 8.5 टक्क्यांवर नेला होता. ती वाढ बहुतेक पाव-पाव टक्क्यांनी झाली होती, तरी आपल्याकडच्या उद्योगांनी आरडाओरडा केला होता. युगांडाच्या राजधानीत, कंपालात, एकाच बैठकीत तीन टक्के वाढले. त्याच्या आदल्या बैठकीत चार वाढले होते.

हा निर्णय घेणारे गव्हर्नर इमॅन्युएल तुमुसिइमे-मुतेबिले 1 जानेवारी 2001 पासून त्या खुर्चीत होते आणि जानेवारी 2022 मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथेच राहिले. एकवीस वर्षांच्या त्या कारकिर्दीतले हे एकच प्रकरण इथे नीट उलगडायचे आहे. त्याचे कारण असे, की सरकारी खर्चातून भडकणाऱ्या महागाईच्या ज्या रोगावर मुतेबिलेंनी 1992 मध्ये अर्थखात्यात बसून उपाय केला होता, तोच रोग 2011 मध्ये त्यांच्यासमोर परत आला. या वेळी मात्र ते दुसऱ्या खुर्चीत होते आणि हातातले औषधही वेगळे होते.

माणूस कुठून आला

जन्म 1949 चा, नैऋत्य युगांडातल्या कबाले भागातला. मकेरेरे विद्यापीठात ते विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष होते. ऑगस्ट 1972 मध्ये हुकूमशहा इदी अमीनने देशातल्या आशियाई लोकांना 90 दिवसांत चालते होण्याचा हुकूम काढला. त्यात गुजराती व्यापारी होते, पंजाबी कारागीर होते, आणि एंटेबे-कंपालाच्या सरकारी कचेऱ्यांत वर्षानुवर्षे हिशेब व फायली सांभाळणारे गोवेकरही होते. या हकालपट्टीविरुद्ध मुतेबिले जाहीरपणे बोलले. त्या राजवटीत असे बोलणे म्हणजे जिवाशी खेळ होता. बँक ऑफ युगांडाचे पहिले गव्हर्नर जोसेफ मुबिरू यांचा अमीनच्याच काळात खून झाला. मुतेबिले टांझानियामार्गे इंग्लंडला निसटले, डरॅम विद्यापीठात पदवी घेतली, मग ऑक्सफर्डच्या बेलिअल कॉलेजात शिकले. दार-एस-सलामला काही काळ शिकवून 1979 मध्ये अमीन पडल्यावर ते परतले आणि सरकारी सेवेत शिरले. सत्ता बदलत राहिल्या, पण ते नियोजन खात्यात पायरी-पायरीने वर चढत गेले.

राष्ट्राध्यक्ष योवेरी मुसेवेनी 1986 मध्ये सत्तेवर आले तेव्हा त्यांचा ओढा सरकारी नियंत्रणाकडे होता: दर बांधून द्यायचे, विनिमय दर सरकारने ठरवायचा, शक्य तिथे मालाच्या बदल्यात माल घ्यायचा. मे 1987 मध्ये नवे चलन आले. जुन्या 100 शिलिंगांना एक नवा शिलिंग मिळाला आणि बदलून देताना 30 टक्के कापून घेतले गेले. तरी किमती थांबल्या नाहीत. डॉलरचा खरा बाजार 'किबांडा' नावाच्या काळ्या बाजारात चालत होता. मुतेबिले आणि त्यांच्यासारख्या काही अधिकाऱ्यांचे म्हणणे असे, की अधिकृत दरावर डॉलर मिळतच नसेल तर तो दर कागदावरचा. किबांडालाच कायदेशीर करा. 1990 मध्ये परकीय चलनाच्या खाजगी पेढ्यांना परवानगी मिळाली. 1993 च्या अखेरीस दोन दरांची भानगडच संपली.

1992: नळ जिथे आहे तिथे

आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा पद्धत 1989 मध्ये कोसळली आणि कॉफीचे भाव पडले. युगांडाची निर्यातीची बहुतेक कमाई कॉफीवर होती. महसूल आटला, खर्च मात्र चालूच राहिला. तूट भरायला सरकार मध्यवर्ती बँकेकडून पैसे उचलत होते, म्हणजे नव्या नोटा येत होत्या, आणि किमती भडकत होत्या. 1992 मध्ये मुसेवेनींनी अर्थखाते आणि नियोजन खाते एक केले आणि त्याचे सचिवपद, म्हणजेच तिजोरीची किल्ली, मुतेबिलेंकडे दिली.

त्यांनी 'रोख अंदाजपत्रक' लागू केले. कल्पना घरखर्चाइतकी साधी आहे: या महिन्यात जेवढे आले तेवढेच पुढच्या महिन्यात वाटायचे. महसूल प्राधिकरणाची वसुली आणि देणगीदार देशांकडून प्रत्यक्ष हाती आलेली मदत यांची बेरीज करायची, त्यातून कर्जाचे हप्ते आणि पगार वजा करायचे, उरलेले खात्यांना सोडायचे. मध्यवर्ती बँकेतल्या सरकारी खात्यावर उचल नाही. मंत्री दारात आला तरी त्याला कोष्टक दाखवायचे. वर्षभरात महागाई एक आकडी झाली आणि पुढे बरीच वर्षे तशीच राहिली.

यात खोट नव्हती असे मुळीच नाही. महिन्याचे वाटप तुटपुंजे आले की खाती कंत्राटदाराकडून माल उचलत आणि बिल थकवत. तिजोरीच्या वहीत खर्च दिसत नसे, पण देणे साचत राही. म्हणून दशकाच्या अखेरीस खात्यांनी शब्द देण्याआधीच त्यांच्यावर मर्यादा घालणारी वेगळी पद्धत आणावी लागली. दुसरे असे, की काटछाट सगळ्यांवर सारखी पडत नव्हती. प्राथमिक शिक्षण, आरोग्य, पाणी, रस्ते यांना राखीव ठेवले होते, त्यामुळे बाकीच्या खात्यांवर दुप्पट कात्री चालायची. तरीही एप्रिल 1998 मध्ये अतिकर्जबाजारी गरीब देशांच्या योजनेत कर्जमाफी मिळवणारा युगांडा पहिला देश ठरला. त्यामागे या शिस्तीचा मोठा हात होता.

पुढचे प्रकरण कळायला यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. महागाईचा उगम सरकारी खर्चात असेल तर तो तिजोरीतच अडवता येतो. मध्यवर्ती बँकेला तो अडवता येत नाही. तिच्या हातात एवढेच, की बाहेर पडलेला पैसा महाग करायचा.

2011: आग लागली त्या वेळी

फेब्रुवारी 2011 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. त्याआधी जानेवारीत संसदेने सुमारे 600 अब्ज शिलिंगांचे पुरवणी अंदाजपत्रक मंजूर केले, आणि प्रत्येक खासदाराला दोन कोटी शिलिंग दिले गेले. त्याच हंगामात रशियन सुखोई लढाऊ विमाने आणि लष्करी सामान यांच्यासाठी सुमारे 74 कोटी डॉलर परकीय चलनाच्या साठ्यातून काढले गेले आणि संसदेची मंजुरी नंतर घेतली गेली. यात बँकेची जबाबदारी झटकता येत नाही. साठा सांभाळणे बँकेचेच काम, आणि हे पैसे बँकेतूनच गेले.

याच वेळी पूर्व आफ्रिकेत पाऊस हुकला आणि मटोके, म्हणजे भाजीची हिरवी केळी, मका व शेंगा महागल्या. तेलाचे भाव चढले. युरोपातल्या कर्जसंकटाने डॉलर वधारला. शिलिंग वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला 2,300 च्या आसपास होता, सप्टेंबरात तो 2,900 च्या आसपास घसरला. कंपालातल्या किकुबो बाजारातला घाऊक व्यापारी दहा हजार डॉलरचा माल मागवत असेल, तर पूर्वी त्याचे दोन कोटी 30 लाख शिलिंग लागायचे, आता दोन कोटी 90 लाख. हा साठ लाखांचा फरक साखर, साबण, कापड, पत्रा या सगळ्यांत वाटला जाऊन गिऱ्हाइकाच्या खिशातून निघायचा.

त्या वेळी जाहीर झालेले वार्षिक महागाईचे आकडे सलग वाचले की वेग कळतो. जानेवारीत 5 टक्के, मार्चमध्ये 11, एप्रिलमध्ये 14. एप्रिलमध्येच विरोधी नेते किझा बेसिग्ये यांनी इंधन व अन्नाच्या भाववाढीविरुद्ध 'कामावर चालत जाऊ' असे आंदोलन सुरू केले आणि पोलिसांनी ते निर्दयपणे मोडले. जुलैत महागाई 18 च्या पुढे गेली, ऑगस्टमध्ये 21 च्या वर, आणि सप्टेंबरात एकदम 28 च्या वर. ऑक्टोबरात ती 30 टक्के ओलांडून गेली. ते शिखर.

हत्यार बदलले, तेही भर आगीत

जुलै 2011 पर्यंत बँक ऑफ युगांडा पैशाच्या राशीवर नेम धरत असे. चलनातल्या नोटा आणि बँकांनी मध्यवर्ती बँकेत ठेवलेली शिल्लक, या दोहोंच्या बेरजेचे वर्षाचे लक्ष्य ठरवायचे, आणि त्यापेक्षा पैसा जास्त झाला की ट्रेझरी बिले, म्हणजे सरकारचे अल्पमुदतीचे कर्जरोखे, विकून तो शोषून घ्यायचा. 1990 च्या दशकात हे छान चालले. पुढे बँका वाढल्या, 2009 पासून मोबाइलवरून पैसे पाठवणे सुरू झाले, आणि पैशाची रास व किमती यांचे जुने नाते सैल पडले. शिवाय या पद्धतीत व्याजदर आपोआप ठरत, म्हणून ते हेलकावे खात. बँकेचा रोख कडक आहे की सैल, हे बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग नव्हता.

नव्या पद्धतीत एकच आकडा आला: मध्यवर्ती बँक दर. तो दर महिन्याच्या सुरुवातीला जाहीर करायचा, का ठरवला ते लिहून द्यायचे, आणि बँका-बँकांमधल्या सात दिवसांच्या उसनवारीचा दर त्याच्या जवळपास राखायचा. पैसा जास्त असेल तर रेपोच्या व्यवहारातून शोषायचा, कमी असेल तर पुरवायचा. कोणा बँकेला अडीअडचणीला मध्यवर्ती बँकेच्या खिडकीशी यावे लागले तर तिला धोरणदरापेक्षा काही टक्के जास्त मोजावे लागत. लक्ष्य मध्यम मुदतीत 5 टक्के गाभा महागाईचे. म्हणजे शेतातले अन्न, इंधन, वीज यांसारख्या पाऊस आणि जगाच्या बाजारावर हलणाऱ्या गोष्टी बाजूला ठेवून मोजलेली महागाई. आपल्याकडे महागाईचे लक्ष्य कायद्यात आले ते 2016 मध्ये.

पहिला दर 13 टक्के ठरला. माझ्या मते इथे चूक झाली. ज्या महिन्यात महागाई 18 च्या वर आहे त्या महिन्यात 13 टक्क्यांनी कर्ज घेणारा उलट फायद्यात असतो. ऑगस्टमध्ये फक्त एक टक्का वाढवला, सप्टेंबरात दोन. बँकेचे म्हणणे असे, की मूळ धक्का अन्नाचा आहे, पाऊस आला की ओसरेल. पावसाचे खरेच होते, पण निवडणुकीआधी सुटलेला पैसा आणि गडगडलेला शिलिंग पावसाने परतणार नव्हते. गाभा महागाईही मागोमाग चढली तेव्हा हे उघड झाले. मार्च ते ऑगस्ट हे सहा महिने हातातून गेले, आणि त्यांचीच भरपाई ऑक्टोबरच्या चार आणि नोव्हेंबरच्या तीन टक्क्यांनी करावी लागली.

शेजारच्या केनियात उशीर याहून मोठा झाला. तिथे गव्हर्नर न्जुगुना न्डुंगू यांच्या मध्यवर्ती बँकेचा दर ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत 7 टक्क्यांवर होता. मग दर 11 झाला, तरी केनियन शिलिंग डॉलरला 107 पर्यंत गेला. नोव्हेंबरात दर 16.5 आणि डिसेंबरात 18. दोन्ही देशांत आजार एकच होता. युगांडाने हात थोडा आधी घातला, पण सुमारे अकरा टक्के जास्त उंचीवरच्या महागाईशी त्याची गाठ होती.

23 टक्के खाली कसे उतरतात

वरवर पाहता 23 टक्के दरही महागाईपेक्षा कमीच होता. नोव्हेंबरची वार्षिक महागाई 29 होती, मग दर उणेच की! इथे अनेक जण फसतात. वार्षिक महागाई म्हणजे मागच्या बारा महिन्यांत काय झाले त्याचा हिशेब. कर्ज घेणारा मात्र पुढच्या बारा महिन्यांकडे पाहतो. नोव्हेंबरनंतर महिन्यागणिक किमती जवळपास थबकल्या होत्या, त्यामुळे पुढे पाहिले तर 23 टक्के दर फार जड होता.

त्याचा पहिला परिणाम शिलिंगवर झाला. ट्रेझरी बिलांचे व्याज वर्षभरापूर्वी एक आकडी होते, ते 20 टक्क्यांच्या आसपास गेले. परदेशी गुंतवणूकदार डॉलर विकून शिलिंग घेऊ लागले आणि डिसेंबरअखेर दर 2,500 च्या आसपास सावरला. किकुबोतल्या त्या दहा हजार डॉलरच्या मालाचे आता अडीच कोटी. आयात स्वस्त झाली की महागाईची धार सगळ्यांत आधी बोथट होते. मात्र हा पैसा जितक्या सहज येतो तितक्या सहज निघूनही जातो. म्हणून त्याच्या भरवशावर दर लगेच उतरवणे धोक्याचे होते, आणि बँकेने तसे केले नाही.

दुसरा परिणाम कर्जावर झाला, आणि तो कडवट होता. शिलिंगमधल्या कर्जाचे व्याज 20 च्या आसपास होते, ते 27 टक्क्यांपर्यंत गेले. एक कोटी शिलिंगांच्या कर्जावर वर्षाला वीस लाखांऐवजी सत्तावीस लाख व्याज. बहुतेक कर्जे बदलत्या दराची होती, त्यामुळे जुन्या कर्जदारालाही वाढीव हप्ता आला. छोट्या दुकानदाराच्या हातात असते ते महिन्याभराचे खेळते भांडवल. हप्ता वाढला की तो माल कमी भरतो, माल कमी भरला की विक्री घटते आणि पुढचा हप्ता चुकतो. जानेवारी 2012 मध्ये कंपालाच्या व्यापाऱ्यांनी व्याजाविरुद्ध दुकाने बंद ठेवली. त्यांचा राग रास्त होता. निवडणुकीचा पैसा त्यांनी सोडला नव्हता, हप्ता मात्र त्यांना भरावा लागत होता. 2011-12 मध्ये आर्थिक वाढीचा वेग आदल्या वर्षाच्या निम्म्यावर आला.

खुर्ची कशी टिकली

बंदच्या काळात गव्हर्नर दुसऱ्याच प्रकरणात अडकले होते. कंपालाच्या बाजारांच्या भाडेपट्ट्यांवरून एका व्यापाऱ्याला सरकारने सुमारे 142 अब्ज शिलिंगांची भरपाई दिली होती, आणि त्या व्यवहारात बँक ऑफ युगांडाने खाजगी बँकांना हमी दिली होती. संसदीय समितीने गव्हर्नरना हटवण्याची शिफारस केली. फेब्रुवारी 2012 मध्ये दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले. मुतेबिले राहिले.

ते राहिले याला राज्यघटनेचा आधार होता. 1995 च्या युगांडाच्या घटनेत मध्यवर्ती बँक कोणाच्याही हुकमाखाली नसेल असे स्पष्ट लिहिले आहे. गव्हर्नरची नेमणूक पाच वर्षांची, राष्ट्राध्यक्षांची आणि संसदेच्या मान्यतेने होते, आणि त्यांना काढता येते ते अक्षमता, गैरवर्तन किंवा नालायकी या कारणांवरूनच. पण घटना जेवढी भक्कम, त्याहून भक्कम त्यांचे मुसेवेनींशी जुने नाते होते. दोघांचे जाहीर खटके उडत. 2011 मध्ये मुतेबिलेंनी परदेशी वृत्तपत्राशी बोलताना सरकारच्या खर्चावर उघड टीका केली होती. नोकरीत असलेला गव्हर्नर असे सहसा बोलत नाही. तरी विमानांचे पैसे निघताना तिजोरीचे दार बंद झाले नाही. कागदावरचे स्वातंत्र्य व्याजदराला पुरले, परकीय चलनाच्या साठ्याला पुरले नाही.

त्या राज्यघटनेतली दुसरी त्रुटी पुढे बाहेर आली. गव्हर्नरच बँकेच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष असतो, म्हणजे ज्याने काम करायचे त्यानेच त्यावर देखरेख ठेवायची. ऑक्टोबर 2016 मध्ये बँक ऑफ युगांडाने क्रेन बँक ही खाजगी बँक ताब्यात घेतली आणि जानेवारी 2017 मध्ये ती 200 अब्ज शिलिंगांना डीएफसीयू बँकेला विकली. पुढे संसदेच्या समितीने बंद झालेल्या सात बँकांची प्रकरणे तपासली, तेव्हा कागदपत्रे, मूल्यांकन आणि कार्यपद्धती यांतल्या उणिवा एकामागून एक समोर आल्या. महागाईत दर महिन्याला आकडा आणि त्याचे कारण जाहीर करायची शिस्त या माणसाने आणली होती. बँकांवरच्या देखरेखीत तेवढीच कारणमीमांसा लेखी राहिली असती, तर समितीसमोरची बरीच नामुष्की टळली असती.

उतरण

फेब्रुवारी 2012 मध्ये दर 22 झाला, मार्चमध्ये 21, आणि मग मेअखेरपर्यंत हलला नाही. व्यापारी, खासदार, वृत्तपत्रे सगळे उतरवा म्हणत होते. महागाई त्या तिमाहीत 20 च्या आसपास रेंगाळत होती. जूनमध्ये 20, जुलैत 19, ऑगस्टमध्ये 17, सप्टेंबरात 15.

ऑगस्ट 2012 ची महागाई सुमारे 12 टक्के आणि सप्टेंबरची साडेपाचच्या आत. एका महिन्यात साडेसहा टक्के! हे दराचे एकट्याचे कर्तृत्व नव्हे. सप्टेंबर 2011 मध्ये किमतींनी जी मोठी उडी घेतली होती, ती वर्ष भरताच तुलनेतून बाहेर पडली. ज्याने आदल्या वर्षीचा तक्ता समोर ठेवला होता त्याला ही घसरण महिनाभर आधी दिसत होती, आणि म्हणूनच बँकेने ऑगस्टपासून दोन-दोन टक्क्यांनी उतरायची हिंमत केली. पण उडीच्या जागी दुसरी उडी आली नाही, हे मात्र 23 टक्क्यांमुळे.

ऑक्टोबर 2012 मध्ये धोरणदर परत 13 टक्क्यांवर आला, जिथून पंधरा महिन्यांपूर्वी सुरुवात झाली होती. तेव्हा तो महागाईच्या पाच टक्क्यांहून जास्त खाली होता. आता महागाई साडेचारच्या आसपास, म्हणजे तोच आकडा तिच्याहून साडेआठ टक्के वर होता. किकुबोतले दुकानदार अजून विशीच्या वरचेच व्याज भरत होते. धोरणदर जितक्या लवकर चढवला तितक्या लवकर बँका कर्जाचे दर चढवतात, उतरवताना मात्र त्या महिनोन्‌महिने घेतात. डिसेंबरमध्ये दर 12 झाला.